जहाजावरच्या तीन जागांबाबत

चंदीगड,
२६ एप्रिल १९९१

तीर्थस्वरूप विश्वनाथराव यांना,

दिगंबर आठल्येचा साष्टांग नमस्कार (कागदावर. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, आणि सध्या खाली वाकलो तर पुन्हा वर येईन याची खात्री नाही). तुमचा रक्तदाब आणि रागिणीवहिनींचे गुडघे, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. आम्ही इथे बरे आहोत. हे वाक्य आपण लहानपणापासून प्रत्येक पत्रात लिहीत आलो, पण इथे हल्ली ते संध्याकाळी सगळी माणसं घरी परतली की मगच म्हणायचं असतं. सरोज ठीक. वीणाची बारावीची परीक्षा एकदाची संपली, कर्फ्यूपायी पुढे ढकलत ढकलत का होईना. उन्हाळा सुरू झाला आहे आणि मला घामोळं आलं आहे. एवढंच कुशल.

‘पासपोर्ट झाले का?’ इतकंच लिहिलेली तुमची पोस्टकार्डं वेळच्या वेळी मिळाली. कार्डं उघडी असल्यामुळे ती आमच्या पोस्टमनलाही मिळाली, आणि त्याच्याकडून आमच्या सगळ्या ओळीला. त्यामुळे सेक्टरात मी आता वनस्पतिशास्त्राचा रीडर उरलेलो नाही, ‘वो जहाजवाले’ झालो आहे. भाजीवाला न मागता पिशवीत चार लिंबं जास्त टाकतो, जहाजात मळमळतं म्हणून. कंपनीने यंदा तुमच्यासारख्या चीफ इंजिनियरला घरची माणसं बरोबर न्यायची परवानगी दिली, आणि तुम्ही मे महिन्यात सिंगापूरहून निघणाऱ्या त्या सफरीत वहिनींच्या जोडीला बहिणीच्या घरच्या तिघांची जागा धरलीत, यावर आम्ही काही उत्तर पाठवू नये हे कृतघ्नपणाचं दिसलं असेल. पण उत्तर पाठवण्याजोगं काही घडतच नव्हतं, आणि घडलं तेव्हा ते कार्डावर मावणारं नव्हतं. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. एअर फोर्समधल्या विलास भाटवडेकरांच्या पत्नी चित्राताई मुंबईला येत आहेत, त्यांच्या हाती देतो आहे. म्हणून ते लांबही आहे आणि मोकळंही.

अडचण तुमच्या बहिणीपासून सुरू झाली. तुमच्याकडे ती कृष्णा गोविंद रिसबूड होती. आमच्या लग्नात मी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सरोज’ असं लिहिलं (आईने सांगितलं म्हणून, मला कृष्णा चाललं असतं), आणि तेव्हापासून ती सरोज दिगंबर आठल्ये आहे. शाळेचा दाखला कृष्णाचा, रेशनकार्ड सरोजचं. खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सरोजला फार अदबीने विचारलं, “और ये कृष्णा जी कौन हैं? आपके पहले पति?” मी तांदळाचा प्रकार समजावून सांगायला लागलो. पंजाबी माणसाला तांदूळ म्हणजे राजम्याबरोबर खायची वस्तू. त्यात बोटाने बायकोचं नाव बदलतात हे त्याने रांगेतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या. दिली. ‘मी, कृष्णा रिसबूड ऊर्फ सरोज आठल्ये’ अशी. हे ‘ऊर्फ’ पुढे आम्हाला किती महागात पडणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

मग कागदांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी. मला जातीने ओळखणारा असा एकच अधिकारी, माझा जुना विद्यार्थी, तो पिंजौरला. बसने गेलो, सही घेतली, बसने परत आलो आणि डबा बसमध्ये विसरलो. अर्ध्या रस्त्यात आठवलं म्हणून स्टँडवर परत फिरलो, तर बस रिकामी, माणसं शंभर पावलं लांब, आणि वाळूच्या पोत्यांमागे जवान बंदुका रोखून पालथे पडलेले. मध्ये माझा बेवारस डबा. तो माझा आहे हे ओरडून सांगावं की नाही यावर मी बराच विचार केला. शेवटी सांगितलं. त्यांनी मलाच तो उघडायला लावला. कोबीची भाजी निघाली. कुणीही हसलं नाही, विश्वनाथराव. एक म्हातारी बाई फुटपाथवर बसून रडायला लागली, आणि मला वाटतं तिचं कुणीतरी अशाच एखाद्या बसमध्ये गेलेलं असावं. जवानाने झाकण लावून डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, पुढच्या वेळी उपाशी राहा. तेव्हापासून मी युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये जेवतो.

त्यानंतर पोलीस चौकशी. एक हवालदार घरी आला, सभ्य होता, बूट बाहेर काढले. त्याने अर्ज वाचला आणि ‘ऊर्फ’वर बोट ठेवून थांबला. त्याचंही चुकलं म्हणवत नाही. रोजच्या पेपरात चकमकीत मारल्या गेलेल्या अतिरेक्यांची नावं येतात, त्यातल्या दर दुसऱ्या नावात ऊर्फ असतं. त्याने सरोजला विचारलं, नाव कधी बदललं, कुठे, कुणाच्या सांगण्यावरून. ती म्हणाली, सासूच्या. ‘सास के कहने पर’ असं त्याने खरोखर लिहून घेतलं. मग पलंगाखाली पाहिलं (तिथे माझे वाळवलेले नमुने असतात, गवताच्या पेंढ्या पाहून त्याला माझी दया आली असावी), चिवडा खाल्ला, आणि म्हणाला, आता ओळख देणारा एक शेजारी हवा. डावीकडच्या घराला कुलूप. ते बंगाली डॉक्टर गेल्या वर्षीच बदली घेऊन गेले. राहिले उजवीकडचे सरदार तरलोचनसिंग.

या माणसाबद्दल तुम्हाला सांगायला हवं. कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. पहाटे आमच्याही कुंड्यांना पाणी घालतात, कारण माझ्यासारख्या वनस्पतिशास्त्राच्या माणसावर झाडं सोपवणं त्यांना धोक्याचं वाटतं. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे बीजी म्हणतो. एकुलता मुलगा जसपाल, डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. दर रविवारी तो वीणाला रसायनशास्त्र शिकवायला यायचा आणि शिकवणी म्हणून साबुदाण्याची खिचडी खायचा, टोमॅटोचं सॉस घालून (सरोजने हे दृश्य पाहणं सोडून दिलं होतं, ती स्वयंपाकघरात जाऊन बसायची). जानेवारीत, लोहडी (यांची संक्रांत) झाल्यावर, तो सकाळी कामावर गेला आणि कारखान्याच्या फाटकासमोर बसमधून उतरला. नंबर नसलेली जीप आली. साध्या कपड्यातली माणसं होती. त्याला आत घातलं. बसमधल्या सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीही पाहिलं नाही. कारण आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या वर्गातला एक मुलगा म्हणे अतिरेक्यांना सामील झाला होता. एवढंच असेल, किंवा एवढंही नसेल.

तेव्हापासून सरदारजी रोज अंघोळ करून, पगडीला इस्त्री केल्यासारखी घडी घालून, ठाण्यावर जायचे. ठाणं म्हणायचं, आम्ही नेलं नाही, दुसऱ्या खात्याला विचारा. तिथले लोक म्हणायचे, आम्ही नाही, दिल्लीला विचारा. तुमचा मुलगा सीमेपलीकडे पळाला असेल, असंही एकाने सांगितलं. बीजी दर रात्री त्याचं ताट वाढायच्या आणि सकाळी ते गाईला घालायच्या. आपण काय बोलणार? मी बोलतच राहतो हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिथे गेलो की मलासुद्धा कुंड्यांपलीकडे विषय सुचायचा नाही.

तर हवालदाराला घेऊन मी त्या घरात गेलो. इतके महिने जो माणूस पोलिसांच्या दारात उभा राहिला, त्याच्या दिवाणखान्यात आता पोलीस बसला होता, सरोज आठल्ये ही बाई चांगल्या चालीची आहे का हे विचारायला. सरदारजींनी चहा मागवला. आठल्येंना अकरा वर्षं ओळखतो म्हणाले, कागद नीट वाचला, चष्मा पुसला, सही केली. मग पेन टोपण लावून परत दिलं आणि अगदी हळू विचारलं, “मैंने इनकी पहचान दे दी. मेरे पुत्तर की पहचान कौन देगा जी?” हवालदाराने कप खाली ठेवला. तो काही वाईट माणूस नव्हता. मान खाली घालून ‘बाऊजी, मी लहान माणूस आहे’ म्हणाला, आणि निघताना त्याने सरदारजींच्या पायाला हात लावला. चहा तसाच राहिला.

यानंतर आमचं प्रकरण अडकलं. खेटे घातल्यावर कळलं ते असं की, ज्यांनी आमची ओळख दिली त्यांच्यावरच नजर आहे. उपाय सोपा आहे, कारकून म्हणाला, या नावावर काट मारा, दुसरा कुणीही शेजारी आणा. मी कागद घेऊन घरी आलो. तुमच्यापासून काय लपवू, मला उपाय पटला होता. मे जवळ आला होता, तुमची कार्डं येत होती, आणि समुद्र मी आयुष्यात फक्त दादरच्या चौपाटीवर, पँट दुमडून पाहिलेला आहे. सरोज कणीक मळत होती. तिने हात न धुताच कागद पाहिला (अजूनही कोपऱ्यात पीठ आहे) आणि म्हणाली, त्यांचं नाव खोडून तुम्ही मला कुठल्या तोंडाने जहाजात बसवणार? मी म्हटलं, त्यांना कळणार नाही. ती म्हणाली, मला कळेल. तुमच्या घरातल्या मुली फार थोडं बोलतात, विश्वनाथराव, पण नेमकं बोलतात.

म्हणून नाव न खोडता मी साहेबांची भेट मागितली. कोणते साहेब, कोणतं खातं, ते राहू द्या. दोन दारं, तपासणी, मग पंख्याखाली एक देखणा, थकलेला माणूस. माझ्यापुढे पाणी ठेवलं. मी भीतीने पिऊन टाकलं, मग त्यांचंही प्यायलो. त्यांनी फाइल उघडली आणि विचारलं, या कुटुंबाला तुम्ही कसे ओळखता? मी सुरू झालो. भ्यालो की मी जास्त बोलतो. कुंड्या सांगितल्या, सॉस सांगितलं, जसपालने वीणाला शिकवलेली सगळी समीकरणं सांगायचा प्रयत्न केला. लड़का बहुत अच्छा है साहब, तो कधी कुणाच्या अध्यात नाही, असं काहीतरी म्हणालो. साहेब फाइलवर सही करत होते. वर न पाहता, जणू मला गप्प करायला, त्यांनी मान डोलावली. “हाँ, हाँ. लड़का ठीक था.”

मग पेन थांबलं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंखा फिरत होता. ते म्हणाले, आपका काम हो जाएगा प्रोफेसर साहब, बच्चों को घुमा लाइए. मी उठलो, आभार मानले (हो, मानले. सवय वाईट असते), आणि बाहेर येऊन माझी स्कूटर समजून दुसऱ्याच्याच स्कूटरला किक मारत राहिलो.

फाटकाशी सरदारजी उभे होते. हातात पाण्याचा पाइप. काय म्हणाले साहेब? मी म्हटलं, काम होईल म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की पाइप खाली टाकून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी आत येऊन पलंगावर पडलो आणि सरोजला सांगितलं. तिने साडी बदलली, मला उठवलं, आणि आम्ही शेजारी गेलो.

सांगितलं मी. वाक्य जसंच्या तसं. सरदारजी म्हणाले, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “‘था’? आपने ठीक सुना? ‘है’ नहीं कहा?” तुम्हाला माहीत आहे माझं हिंदी. इतकी वर्षं इथे राहून मी अजून दह्याला स्त्री करतो आणि विद्यार्थी फिदीफिदी हसतात. मी तेच त्यांना म्हणालो, भाईसाब, मैं मराठी आदमी, मेरी हिंदी लिंग में गलत होती है, काल में नहीं होती. हे मी विनोद म्हणून बोललो नव्हतो. त्यांनी मान हलवली आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. पगडी काढली नाही, पण दोन्ही हातांनी ती धरून ठेवली, वारा सुटल्यासारखी.

बीजी दारात होत्या. मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. त्या जवळ आल्या आणि त्यांनी मला एकच विचारलं, ‘ठीक’ म्हणाला ना तो साहेब? माझा मुलगा ठीक होता, असं त्यांच्या तोंडून आलं ना? मी हो म्हणालो. त्यांनी सरोजच्या खांद्यावर डोकं ठेवलं. इतके महिने लोक त्यांच्या मुलाबद्दल काय काय म्हणत होते. ज्यांनी नेला त्यांनीच शेवटी तो चांगला होता असं म्हटलं, हे त्या माऊलीने धरून ठेवलं. त्या रात्री ताट वाढलं नाही.

आमचे पासपोर्ट त्यानंतर लगोलग आले. रजिस्टर पोस्टाने, तिघांचे एकदम. पोस्टमनने लाडू मागितले, दिले. सरोजच्या पासपोर्टावर ‘ऊर्फ’ वगैरे काही नाही, सरळ नाव आहे. फोटोत ती चिडलेली दिसते आणि मी फरार. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो. पासपोर्ट झाले. वहिनींना नमस्कार, आणि जहाजात शाकाहारी जेवण मिळतं का ते कळवावं.

आपला,
दिगंबर

ता. क. – तीन जागा नकोत. एकच ठेवावी, वीणाची. सरदारजींचे वकील हायकोर्टात अर्ज देत आहेत, आणि ते साहेब काय म्हणाले हे शपथेवर सांगणारा कुणीतरी लागतो. सरदारजींनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी कंबरेचं कारण सांगितलं असतं. ते वकिलांना एवढंच म्हणत होते की साक्षीदार नाही, आणि मी तिथे सरोजने दिलेली खीर पोचवायला गेलो होतो. पाणी मागायला तोंड उघडलं आणि ‘मी देतो’ म्हणालो. मलाही आश्चर्य वाटलं. तारीख मे महिन्यातलीच आहे. सरोज माझ्याशिवाय निघणार नाही म्हणते. मी बराच आग्रह केला, आणि तिने ऐकलं नाही म्हणून मला किती बरं वाटलं ते तिला सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरं – परवा दुपारी मोटरसायकलवरून दोन माणसं आली होती. आत आली नाहीत. पासपोर्ट मिळाला ना जी, मग फिरून या, उन्हाळा फार आहे, असं हसत म्हणाली. जाताना विचारलं, मुलीचं कॉलेज कुठलं. म्हणून खरी विनंती ही आहे की सफर संपल्यावर वीणाला परत पाठवू नये. ठाण्याच्या तुमच्या घरीच ठेवावी, तिथेच कॉलेजात घालावी. चित्राताई तिला आणतीलच, हे पत्र तिच्याच बरोबर येत आहे. तिचे दाखले, औषधं, हिवाळ्याचे कपडे सगळं ट्रंकेत आहे. मे महिन्याच्या सुट्टीला इतके स्वेटर कशाला, असं तिने एकदाच विचारलं, मग स्वतःच घड्या घातल्या.

ता. क. तिसरं, आणि शेवटचं – ती वांगं खात नाही. तुमच्याशी हिंदीतून बोलेल, राग मानू नका, इथल्या मुलांना तीच सवय. तुम्ही तिच्याशी मराठीतच बोला. आम्ही आता घरात एकमेकांशी हळू बोलतो, दार लावून बोलतो, तिला काही कळू नये म्हणून. त्याचा उपयोग झालेला नाही. समजतं तिला सगळं.